चालत गेलेली इमारत

आमच्या घरात आज अंगावर घ्यायला एकही धड चादर नाही, आणि याला विज्ञान जबाबदार आहे. कुणी पाहुणा मुक्कामाला येतो म्हणाला की बायको माझ्याकडे बघते आणि मी वर्तमानपत्राकडे बघतो. मागे मेव्हणा आला तेव्हा तिने त्याला हॉलचे दोन पडदे काढून दिले. "खाली पडदा, वर पडदा," सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आणि मधे रात्रभर मी."  बायकोने पुन्हा माझ्याकडे बघितले.

आमच्या गावाच्या टोकाला एक तळे आहे. भोवती लव्हाळे आणि चिखल, आणि ते सगळे पक्ष्यांसाठी राखून ठेवलेले. त्याची एक समिती आहे. समितीने एका बैठकीत ठरवले की तळ्याकाठी दोन खोल्यांची इमारत बांधायची. एक खोली संशोधनाला, एक मुलांना शिकवायला, आणि शिकवायच्या खोलीला पाण्याच्या अंगाने लांबलचक खिडकी. एवढे ठरवून समिती दमली आणि बाकी सगळे माझ्या गळ्यात पडले, कारण मी बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त झालेलो आहे. कुणाचा जिना वीतभर पुढे आला, कुणाची बाल्कनी शेजाऱ्याच्या हद्दीत डोकावली, की ती मी जागच्या जागी मागे घ्यायला लावत असे. "इमारत नकाशात आहे तिथेच उभी राहिली पाहिजे, बोटभर हलता कामा नये," हे माझे वाक्य खात्यात इतके गाजले होते की निरोप समारंभात तीन वक्त्यांनी माझ्याविषयी तेवढे एकच सांगितले, आणि चौथ्याने आभार मानले.

पण मी गळ्यात पडू दिले ते ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाटनाला जातात, ही दर शनिवारी पोरांचा तांडा घेऊन तळ्यावर जायला लागली. एक घडीची खुर्ची, एक छत्री आणि समोर चिखलात बसलेली मुले, अशी तिची शाळा. ऊन आले की छत्री इकडे आणि वारा आला की छत्री तळ्यात. अलीकडे तिची नजर चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की आहे ती हळूहळू जाणार आणि गेलेली परत येणार नाही. आधी लांबचे गेले.

"धाकट्या," ती मला म्हणाली, "समोरच्या काठावर आता मला नुसतं हिरवं दिसतं. जवळचं अजून दिसतंय. तुमची ती खिडकी पाण्यावर येणार ना, तिथून मला एकदा पाणकोंबडी पिल्लं घेऊन जाताना बघायची आहे. पिल्लाचं अंग काळं आणि डोकं लाल असतं, असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आले. पुस्तकात वाचून सांगितलं रे. मी स्वतः काही पाहिलेलं नाही. पिल्लं झाली की ती बया लव्हाळ्यातून बाहेर येतच नाही."

"मग बघशील की," मी म्हणालो. "परवाना म्हणजे आपल्या घरचा कारभार."

हे वाक्य मी बोललो नसतो तर बरे झाले असते.

पहिली अडचण आणली ती दुर्बिणीने. ही ताईची जुनी विद्यार्थिनी. आता पक्ष्यांवर संशोधन करते आणि झोपतानाही गळ्यातली दुर्बीण काढत नसावी, म्हणून तिला सगळे तेच म्हणतात. तिने नकाशा बघितला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "काका, अशी एकदम भिंत उभी केलीत तर एकही पक्षी उरणार नाही. मग खिडकीतून काय बघणार, एकमेकांना?"

"मग काय करायचं?"

"आधी कापडाची इमारत करायची. बांबू आणि चादरी. एवढीच लांब, एवढीच उंच. ती पाण्यापासून लांब, पंपघरापाशी उभी करायची. पक्ष्यांना सवय झाली की थोडी पुढे. पुन्हा सवय झाली की आणखी पुढे. नकाशातल्या जागेवर पोचली की तिच्या आडून खरी बांधायची."

"म्हणजे इमारत चालवत न्यायची?"

"हळूहळू. त्यांना कळता कामा नये."

मला पाणी प्यावेसे वाटले. ज्या माणसाने उभी हयात इमारती जागच्या जागी धरून ठेवल्या, त्याने आता एक इमारत खांद्यावर घेऊन तळ्याकडे निघायचे होते, आणि तेही पाणकोंबडीला न कळता. पण ताई शेजारीच बसली होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी म्हणालो, "ठीक आहे. चादरी किती लागतील?"

आमच्या घरातल्या सगळ्या लागल्या. मग आम्ही राहतो त्या इमारतीतल्या बाकीच्या बिऱ्हाडांकडून जुन्या मागितल्या. लोकांनी दिल्याही. जुनी चादर देताना माणूस किती उदार होतो ते मला तेव्हा कळले. कुणाच्या चादरीवर मोटारगाड्या होत्या, कुणाच्या चादरीवर गुलाब, एकीवर भला मोठा वाघ होता. दुर्बीण म्हणाली की सगळे मातकट रंगाचे हवे, वाघ तर अजिबात नको. म्हणून बायकोने न्हाणीघरात मोठ्या पातेल्यात चहाची पत्ती उकळली आणि चादरी त्यात बुडवल्या. बायको कामाला कधी नाही म्हणत नाही, फक्त ते करताना बोलते. "इतका चहा मी तुमच्या सगळ्या खात्याला मिळून कधी पाजला नसेल," ती काठीने ढवळत म्हणाली. गच्चीवर नेताना चादरींतून गळलेला चहा जिन्यात सांडला, आणि तळमजल्यापर्यंत अशी तपकिरी धार लागली की टाकी फुटली असे समजून दोन बिऱ्हाडांनी पाणी बंद केले.

इथे आमच्या शेजाऱ्यांचा प्रवेश झाला. यांचे प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असे सुरू होते, म्हणून आमच्या घरात त्यांना अनुभवी म्हणतात. "माझा अनुभव सांगतो," ते गच्चीवर येऊन म्हणाले, "चादरी वाऱ्याने फडफडणार. फडफडल्या की पक्षी उडणार. कडक खळ द्या. भिंतीसारख्या उभ्या राहतील." त्यांना चादरींच्या इमारतीचा अनुभव कुठे आला होता हे विचारायचे मला सुचले नाही. आम्ही खळ दिली. चादरी इतक्या कडक झाल्या की त्यांची घडी पडेना. रिक्षाच्या दारातून जात नाहीत म्हणून त्या आडव्या धरून रस्त्याने न्याव्या लागल्या. मागे मी, पुढे अनुभवी. लोक रस्त्यात बाजूला होऊन वाट देत होते आणि काच समजून जपून बघत होते.

पंपघरापाशी इमारत उभी राहिली. खरे सांगतो, मला ती आवडली. बांबूचा सांगाडा, मातकट भिंती, पाण्याच्या बाजूने बघायला एक लांब फट. ताईने आत खुर्ची टाकली आणि पहिल्याच शनिवारी तिथे वर्ग घेतला. मुलांच्या डोक्यावर सावली आली. छत्री कोपऱ्यात उगीच उभी होती.

मग चालणे सुरू झाले. पक्षी निवांत आहेत असे दुर्बिणीने सांगितले की समितीचे लोक आत शिरायचे, एकेक बांबू धरायचे आणि इमारत उचलून काही पावले पुढे न्यायचे. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना बाहेरचे काही दिसत नसे, पण "आता थोडं दुखेल" अशा स्वरात ते सगळ्यांना धीर देत. बाहेरून बघणाऱ्याला भिंतीखाली फक्त चपला आणि पोटऱ्या दिसत. एकदा एक खांब चिखलात रुतला आणि इमारत वाकडी होऊन एका पायावर उभी राहिली. मी बाहेरून कुजबुजत सूचना देत होतो, कारण ओरडायची बंदी होती. कुजबुजून रागावणे ही फार कठीण गोष्ट आहे. माणसाचा सगळा आब जातो.

इमारत अर्ध्या वाटेवर असताना परवान्यासाठी जागा बघायला तपासनीस आला. हा माझ्याच हाताखाली तयार झालेला. मला बघून वाकून नमस्कार केला, मग इमारतीकडे बघितले, आणि त्याचा चेहरा खात्याचा झाला.

"सर, अर्जात तर तुम्ही जागा मोकळी आहे असं लिहिलंय."

"मोकळीच आहे. या चादरी आहेत."

"सर, जमिनीवर उभं आहे, वर आडोसा आहे, आत माणूस बसतो. म्हणजे बांधकाम." तो जरा अवघडला. "ही व्याख्या तुम्हीच शिकवलीत."

ती मीच शिकवली होती. इतकेच नव्हे तर घोकून घेतली होती. त्याने खिशातून टेप काढली, पंपघरापासून अंतर मोजले, लिहून घेतले आणि जाताना पुन्हा वाकून नमस्कार केला. असा आदर मिळण्यापेक्षा कुणी चार शब्द सुनावले असते तर परवडले असते.

खात्याचे कागद आपल्या चालीने निघतात. तोवर आमची इमारत तिच्या चालीने निघाली होती, आणि दोघांत तीच आधी पोचली. नकाशातल्या नेमक्या जागेवर, पाण्याला लागून, लव्हाळ्याच्या कडेला. त्याच सुमारास कुणाची तरी शेळी पाण्याच्या बाजूची भिंत खाऊन गेली. खळीची चव तिला आवडली असावी. अनुभवींना सांगितले तर म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, खळीत थोडा कडुनिंब घालायचा." त्या दिवसापासून मी त्यांना जिन्यात टाळतो.

खाल्लेल्या भिंतीला लावायला चादर उरली नव्हती. ताई खुर्चीवर बसून त्या भगदाडाकडे बघत होती. तिला किती दिसत होते कोण जाणे, कारण त्या दिवसांत ती चहाचा कप उचलायलाही हाताने आधी चाचपू लागली होती. बायकोने ते बघितले. घरी आल्यावर तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. आत तिची ठेवणीतली चादर होती, पांढरी, तिच्यावर ताटाएवढी निळी फुले. आमच्या घरात आजवर त्या चादरीच्या लायकीचा पाहुणा आलेला नव्हता, ती नुसती अधूनमधून उन्हाला दाखवली जायची.

"चहात बुडवू नका," बायको म्हणाली. "ताईंना फुलं तरी दिसतील."

ताई आणि बायको यांच्यात गेली कित्येक वर्षे गोडलिंबाची पाने किती घालावीत यावरून वाद आहे. त्या चादरीविषयी मात्र दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. मला त्या दिवशी बायको फार आवडली आणि तसे मी तिला सांगितलेही. ती म्हणाली, "शिडी धरा."

दुर्बिणीने निळी फुले बघून कपाळाला हात लावला. पण पाणकोंबडीला रंगाचे काही पडलेले नसावे. त्या फुलांच्या भिंतीपासून हाताच्या अंतरावर, लव्हाळ्यात, तिने काड्या रचायला सुरुवात केली आणि बघता बघता घरटे करून अंड्यांवर बसली. परवाना नाही, नकाशा नाही. मी फटीतून ते बांधकाम बघायचो तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा.

ताई रोज येऊ लागली. फटीला चेहरा लावून बसायची. "काळं काहीतरी हलतंय," ती म्हणायची. "चोचीचं टोक पिवळं आहे. दिसतंय मला." दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून तिला जरा कमी दिसायचे. ती तसे बोलायची नाही, फक्त खुर्ची आणखी पुढे ओढायची. अंडी आधी फुटतात की नजर आधी जाते, एवढाच प्रश्न होता आणि त्यावर अर्ज करता येण्यासारखे खाते माझ्या माहितीत नव्हते.

अशात नोटीस आली. विनापरवाना बांधकाम आठवड्याच्या आत काढून टाकावे. तपासनीस पाहणी करून तसा अहवाल देईल तेव्हाच नव्या इमारतीचा अर्ज पुढे सरकेल, नाहीतर तो निकाली निघेल. निकाली निघणे म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होते. सगळे पहिल्यापासून, आणि ताईच्या शनिवारच्या मुलांना पुन्हा छत्री. आणि चादरी काढल्या तर पाणकोंबडी अंडी टाकून जाणार, असे दुर्बिणीने सांगितले. हे सांगताना तिने पहिल्यांदाच दुर्बीण गळ्यातून काढून हातात धरली होती.

आमच्या स्वयंपाकघरात सगळे बसले. मी नोटीस वाचून दाखवली.

"काढून टाका," ताई म्हणाली.

"ताई, अगं..."

"खोली मुलांसाठी आहे. माझ्या एकटीच्या हौसेपायी त्यांची खोली घालवायची का? डोकं लाल असतं हे पुस्तकात लिहिलंय. पुस्तक काही खोटं सांगत नाही." आणि ती कप चाचपायला लागली. तो तिच्या समोरच होता.

 सगळ्या खात्याला नियम शिकवलेला माणूस मी, आणि माझ्या बहिणीला तळ्यातली एक कोंबडी दाखवता येत नव्हती. मी उगीच नोटीस पुन्हा वाचायला लागलो. जुनी खोड.

बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. "पंपघरापासून पंचवीस मीटरवर," तिने मोठ्याने वाचले. "पण तिथे आता काहीच नाही की."

मी वर बघितले.

"अहो, तिथून ती केव्हाच पुढे गेली. तुम्हीच नाही का चिखलात उभं राहून कुजबुजत होतात?"

यापुढची कल्पना सर्वस्वी माझी. बायकोने फक्त सुरुवात करून दिली.

पाहणीच्या दिवशी तपासनिसाला मी पंपघरापासून पंचवीस मीटर मोजून नेले आणि गवतात उभे केले. "बघा. काही आहे इथे?"

त्याने खाली बघितले, मग तळ्याकडे बघितले. तिथे निळ्या फुलांची भिंत लांबूनही दिसत होती. "सर, ती तिकडे गेली आहे."

"इमारत कधी जाते का?"

"सर, मला तिकडची दुसरी नोटीस काढावी लागेल." त्याचा स्वर खरोखर दुःखी होता. "मोजून घेतो." आणि तो टेप घेऊन निघाला. मी त्याच्या मागे धावलो. माझी कल्पना इथे संपली होती.

कापडाच्या दारातून तो वाकून आत शिरला आणि टेपचे टोक ओढणार, तोच अंधारातून आवाज आला, "कोण आहे ते? खाली बसा. ती टेप खिशात ठेवा, वाजते."

शाळेतल्या बाईंचा आवाज होता तो. परवाना खात्याचा अधिकारी मुकाट्याने जमिनीवर मांडी घालून बसला. ताई फटीला चेहरा लावून बसली होती, बायको तिच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. दुर्बीण पुटपुटली, "बाई, डावीकडे. आत्ता बाहेर येताहेत."

लव्हाळे हलले. पाणकोंबडी पाण्यात उतरली, मान पुढेमागे करत थोडी गेली, थांबली, आणि तिच्यामागून एकेक काळा गोळा टुपकन पाण्यात पडला. भिंतीच्या इतक्या जवळून जात होते ते की हात बाहेर काढला असता तर लागले असते. शेवटचे पिल्लू चुकून आमच्या बाजूला वळले, फटीसमोर येऊन गोल फिरले आणि वर बघायला लागले.

ताईचे नाक चादरीला टेकले होते.

"लाल आहे," ती म्हणाली. इतक्या हळू की मला तिच्या ओठांवरून कळले. "अगं, खरंच लाल आहे. टक्कल पडल्यासारखं."

बायको रडत होती. मीही रडत होतो, पण मी तपासनिसाच्या मागे उभा असल्यामुळे खात्याच्या नजरेस ते आले नाही. तपासनीस मात्र मान उंच करून, तोंड उघडे ठेवून फटीतून बघत होता. पिल्ले दिसेनाशी झाली तरी तो उठला नाही.

बाहेर आल्यावर त्याने पॅन्टचा चिखल झटकला आणि कागद काढून उभ्या उभ्या लिहिले. मी वाचले. 'नोटिशीत नमूद केलेल्या जागी पाहणीच्या वेळी कोणतेही बांधकाम आढळले नाही.'

"आणि हे?" मी निळ्या फुलांकडे बोट दाखवले. असल्या वेळी माझ्यातला जुना अधिकारी नको तिथे जागा होतो. बायकोने कोपराने ढोसले.

"सर," तो म्हणाला, "नोटिशीत नसेल ते आपण बघायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत." मग त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला, पण या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे दारात ताई उभी होती.

परवाना मिळाला. खरी इमारत बांधायला ठरल्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागला, आणि त्यातले हाल सांगत बसलो तर नळाच्या तोट्यांवरच एक प्रकरण होईल. पाण्याच्या बाजूला ती फुलांची चादर शेवटपर्यंत ठेवावी लागली आणि तिच्या आडून भिंत चढवली गेली. खिडकी बसल्यावर ती उतरवली तेव्हा निळा रंग जाऊन ती आपोआप मातकट झाली होती. संशोधनाच्या खोलीत आता दुर्बीण बसते. पाणकोंबडी आहे तिथेच आहे.

इमारत पुरी होईपर्यंत ताईची नजर गेली. आता तिला उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तरी शनिवार तिचाच आहे. घडीची खुर्ची खिडकीपाशी लावते आणि मुलांना म्हणते, तुम्ही बघा आणि मला सांगा. परवा मी आणि बायको मागे बसलो होतो. एक लहान मुलगी काचेला चिकटून सांगत होती, "बाई, काळी कोंबडी आली. मागे पिल्लं आहेत. काळी."

"डोकं बघ."

"डोकंपण काळंच आहे."

"नीट बघ," ताई म्हणाली. "लाल आहे. मी पाहिलंय."

मुलीने पुन्हा काचेला नाक लावले. बायकोने माझ्याकडे बघितले. वर्तमानपत्र जवळ नव्हते, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिलो.